हिरव्या गाडीचा रास्त भाव

कोळवण
६ ऑक्टोबर २०२५

जुईली,

आधी गोठ्यातलं शेण काढलं, मग ओढ्यावरून दोन खेपा पाणी आणलं, चूल पेटवून दूध तापत ठेवलं. तोवर हे उठून बंगल्यावर गेले होते, गाडी पुसायला. मी भाकरी थापल्या, अंगणात भात वाळत घातला, कोंबड्या हाकायला आमच्या गौतमीला बसवलं आणि झाडलोटीला बंगल्यावर आले. तू व्हरांड्यात कॉफीचा कप घेऊन उभी होतीस. "काकू, आज गाडी जाणार," म्हणालीस. मी "व्हय" म्हटलं आणि केरसुणी घेतली. तेरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली ती सकाळ मला अशी कामांच्या क्रमानं आठवते. त्यापुढचं आठवावं लागत नाही, ते आपोआप येतं.

मी सगुणाबाई. तुझ्या बाबांच्या बंगल्यावर एकोणीस वर्षं राखणीला होते त्या कुशाबांची बायको. तुला अशी ओळख द्यावी लागेल असं तू माझ्या चुलीपुढं बसून पिठलं खायचीस तेव्हा वाटलं नव्हतं. हे वारले त्याला तीन वर्षं झाली. तुला कळवलं नाही. साहेब मागच्या वर्षी गेले ते मलाही गावातूनच कळलं. दोन्हीकडून राहिलं.

लिहिण्याचं कारण असं. तू बंगला विकायला काढलास आणि ते काम जमिनीची दलाली करणाऱ्या विठ्ठलरावांकडे दिलंस. त्यांनी तुझा पत्ता मला दिला, पण आढेवेढे घेऊन. शेडमधली साहेबांची हिरवी गाडी ते भंगारवाल्याला पंचावन्न हजारांना देणार आहेत. दोन माणसांची, कापडी टपाची, एकोणीसशे एकोणसाठ सालची ट्रायंफ. साहेब असं म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा व्हायचा, म्हणून मला पाठ आहे.

ती गाडी मला विकत हवी. रास्त भाव सांग.

मी दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देते. जेवणही मीच करते. पुण्याची माणसं येतात, चिखलात पाय बुडवून फोटो काढतात. अंगणात अशी गाडी असली तर आणखी येतील, असा माझा विचार आहे. रस्त्याकडेच्या पाच गुंठ्यांचे पैसे बँकेत आहेत. फसवणार नाही.

अक्षराला हसू नकोस. शाळा दुसरीपर्यंतच झाली. बाकी मी शिकले ते तुमच्या बंगल्यावरच्या रद्दीवर. चूल पेटवायला कागद आणायचे आणि पेटवायच्या आधी वाचायचे. आता पौडच्या वाचनालयातून महिन्याला चार पुस्तकं आणते.

सगुणाबाई कुशाबा


कोळवण
४ नोव्हेंबर २०२५

जुईली,

तुझा निरोप गौतमीच्या मोबाइलवर आला. तिनं तो मला दोनदा वाचून दाखवला. मग मी चष्मा लावून स्वतः वाचला. "काकू, गाडी तशीच घेऊन जा. पैसे नकोत. कुशाकाकांचं कळून वाईट वाटलं."

तशीच मी नेणार नाही.

तू रागावलीस तर चालेल, पण हे समजून घे. माझे वडील हेडी होते, बैलांचा व्यापार करायचे. बाजारात मला बरोबर न्यायचे, कारण आमच्यात मुलगा नव्हता. बैलाचा भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबतात. दोन बोटं धरली की दोन हजार, मूठ धरली की पाच. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. हे मी तुला शिकवलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस आणि माझ्या पदराखाली चॉकलेटांचा सौदा करायचीस.

वडिलांचे नियम तीन. पहिला, भाव लावायच्या आधी खोड सांगायची. बैल मारका असेल, बसकण घेत असेल, ते विकणाऱ्यानं आधी बोलायचं. दुसरा, भाव लावताना राग-लोभ धरायचा नाही. तिसरा, जनावर द्यायचं पण दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं घेऊन यायचं. जुनं दावं घरी आणून गोठ्यात खुंटीला टांगायचं, म्हणजे गोठा रिकामा राहत नाही.

फुकटचं जनावर वडील कधी घेत नसत. म्हणायचे, "फुकट दिलेल्याची खोड कोण सांगतंय?"

म्हणून मी भाव काढायला माणूस आणणार आहे. गौतमीच्या कंपनीतल्या कुणाच्या ओळखीचे कैलास मिस्त्री म्हणून आहेत, कोथरूडला. जन्मभर जुन्या गाड्याच केल्यात. गौतमी हिंजवडीला नोकरी करते हे तुला लिहिलं नव्हतं. तुझ्या आठवणीत ती कोंबड्या हाकणारी असेल.

तिला हा सगळा वेडेपणा वाटतो. काल म्हणाली, "आई, तुला सायकल येत नाही."

"मी कुटं चालवणार हाय?"

"मग काय, दारात बांधणार?"

"बांधीन."

"वैरण काय घालायची ते पण विचार मिस्त्रींना."

ती हसली, मीही हसले. तिला मी पाहुण्यांच्या फोटोंचं कारण सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. ही पोरगी ह्यांच्यावर गेली आहे. विचारत नाही, बघते.

मिस्त्री पाहून गेले की लिहीन. तोवर विठ्ठलरावांना सांग की भंगारवाल्याला थांबवा. माझं ते ऐकत नाहीत.

सगुणाबाई


कोळवण
१९ नोव्हेंबर २०२५

जुईली,

कैलास मिस्त्री रविवारी येऊन गेले. वय सत्तरीचं असेल. त्यांनी शेडचं दार उघडलं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली आहे, चाकं जमिनीला टेकत नाहीत. टपाचं कापड उंदरांनी खाल्लं. खालचा पत्रा दोन ठिकाणी सडला आहे, बोट आरपार जातं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, पुढचा पंखा हातानं फिरवून पाहिला. तो फिरला. मग त्यांनी एक प्लग खोलला, आत काडी घालून काडीचं टोक पाहिलं आणि मला विचारलं, "ही उचलून कुणी ठेवली?"

मी म्हटलं, "आमच्या मालकांनी."

"केव्हा?"

"तेरा वर्सांमागं, काम सुटलं त्या दिवशी सांजच्याला. कुणी सांगितलं न्हवतं."

"सिलिंडरमध्ये तेल सोडून गेलेत ते. तेरा वर्षं झाली तरी इंजिन गंजून जाम झालं नाही. नाहीतर ही पंचावन्न हजारांचीच होती." मग म्हणाले, आहे तशी सहा लाख. मूळची किल्ली असती तर आणखी दोन-तीन. असल्या गाड्या घेणारे लोक मूळच्या वस्तूंवर जीव टाकतात. "किल्ली कुठे आहे?"

विठ्ठलराव दाराशी उभे होते. ते हसले. "किल्लीचीच तर सगळी कथा हाय, मिस्त्री. हितला राखणदार होता, ह्यांचाच मालक. गाडी इकायची ठरली आन् यानं किल्ली गायब केली. मुंबईचं गिऱ्हाईक दारात आलेलं, तसंच माघारी गेलं. साहेबांनी हाकलला त्याला. ओढ्यात टाकली असंल किल्ली. काय वैनी?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी शेडच्या बाहेर आले आणि कढीपत्त्याच्या झाडाची पानं तोडत राहिले. घरी आल्यावर पाहिलं तर ओटीत एवढा कढीपत्ता होता की तो महिनाभर पुरला असता.

जुईली, पहिल्या पत्रात मी त्या सकाळची कामं लिहिली, त्यात एक काम लिहिलं नाही.

झाडलोट झाल्यावर मी शेडकडं गेले. हे विहिरीवर हात धूत होते. किल्ली गाडीच्या सीटवर ठेवलेली होती, चामड्याच्या त्या गोल बिल्ल्यासकट. मी गाडीकडं पाहिलं. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायचो, पोळ्याला बैलांबरोबर तिलाही पोळीचा घास दाखवायचे हे. एकोणीस वर्षं घरात असलेलं जनावर चाललं होतं आणि दावं ठेवून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. साहेब शहरातले, त्यांना कसं सुचावं. मी किल्ली उचलली, कनवटीला लावली, घरी जाऊन चिंधीत गुंडाळली आणि कणगीत भाताखाली घातली. मला वाटलं, प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या असतात. दुसरी साहेबांकडे असेल. गिऱ्हाईक आपलं नवं दावं घेऊन येईल.

दुसरी नव्हती.

पुढचं तू पाहिलं आहेस. गिऱ्हाईक आलं, किल्ली सापडेना. साहेब ओरडायला लागले. ह्यांनी सांगितलं, वायर जोडून गाडी चालू करून दाखवतो. गिऱ्हाईक म्हणालं, मालकाकडे किल्ली नाही अशी गाडी मी घेत नाही. आणि ते गेलं. त्या पैशांवर तुझी कॅनडाची फी होती. तू त्या जानेवारीत गेली नाहीस, एक वर्ष गेलं. गिऱ्हाईक दारात असतानाच साहेबांनी ह्यांना विचारलं होतं, "कुशाबा, किल्ली कुठे आहे?" हे म्हणाले, "साहेब, किल्ली माझ्या ताब्यात होती. गेली तर चूक माझी."

मी दहा पावलांवर उभी होते. हातात केरसुणी होती. मी बोलले असते तर अर्ध्या तासात किल्ली आणता आली असती. पण साहेबांच्या तोंडून चोर हा शब्द निघून गेला होता. आता आणली तर चोरी माझ्या नावावर लागणार, एवढंच मला दिसलं. सांजच्याला गुपचूप शेडमध्ये टाकू असं ठरवलं. तोवर गिऱ्हाईक गेलं होतं आणि ह्यांचं कामही.

तू ह्यांना म्हणालीस, "कुशाकाका, गाडी जाऊ नये असं वाटत होतं तर तसं सांगायचं होतं. मी बाबांशी बोलले असते." तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. हे त्यानंतर कधी बंगल्यावरून गेले नाहीत. दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे आणि माले गावाला जायचं असलं तरी ओढ्याकडच्या वाटेनं वळसा घालून जायचे. मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्या वर्षी धीर नव्हता. नंतर इतके दिवस झाले की न सांगितल्याचंच एक वेगळं सांगावं लागलं असतं.

आता शेवटचं, मग मी थांबते.

हे गेल्यावर तेराव्याला जेवण घालायला मी कणगी पार तळापर्यंत रिकामी केली. कणगी दरवर्षी हेच भरायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे, "तुझी कंबर दुखती." तळाशी किल्ली होती. मी ती चिंधीत गुंडाळून ठेवली होती. ती चिंधी नव्हती. किल्ली कॅलेंडरच्या पानात होती, आणि पान ते जायच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरचं होतं. उघडलं तर किल्लीला ग्रीस लावलेलं. नवं. गंज एवढासुद्धा नाही. दरवर्षी भात भरताना ते किल्ली काढायचे, पुसायचे, ग्रीस लावायचे आणि नव्या कागदात बांधून परत ठेवायचे. किती वर्षं, मला माहीत नाही. बहुतेक सगळी.

त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नसेल.

खोड आधी सांगायची असते. इथं खोड गाडीत नाही, घेणारणीत आहे. पाहुण्यांच्या फोटोंचं मी खोटं लिहिलं. ती गाडी भंगारात गेली तर माझ्याकडे नुसती किल्ली उरेल आणि ती कशाची हे सांगायलाही काही राहणार नाही. शिवाय ह्यांनी उचलून ठेवलेली वस्तू कुणी तरी हातोड्यानं फोडावी हे मला बघवणार नाही. आता भाव तू सांग. किंवा देऊ नकोस. ते पण रास्तच होईल.

सगुणाबाई


कोळवण
२० डिसेंबर २०२५

जुईली,

उत्तर आलं नाही. यावं असा हट्ट नाही.

एवढंच कळवायचं की बुधवारी भंगारवाला क्रेन घेऊन आला होता. मी शेडच्या दारात जाऊन बसले. काही करता येणार नव्हतं, पण बसले. विठ्ठलराव मोबाइलवर बोलत आले आणि त्याला म्हणाले, "जा बाबा माघारी. मालकीण न्हाई म्हन्ती." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वैनी, तुमी काय जादू केली तिच्यावर? सहा म्हयनं मला घाई करीत होती."

मी म्हटलं, "विठ्ठलराव, किल्ली माझ्या मालकांनी घेतली न्हवती. मी घेतली होती."

ते हसायला लागले. मग माझं तोंड बघून थांबले. "ह्ये आता कशाला सांगता?"

"तुमीच गावभर सांगता म्हनून. आता असं सांगा."

ते मोटारसायकलवर बसून गेले. दोन दिवसांत गावात झालं. दळणाला गेले तर गिरणीत बाया गप्प झाल्या. सारजाबाईनं मात्र पीठ भरता भरता विचारलं, "कुशाबाला ठावं होतं?" मी म्हटलं, होतं. "मग झालं तर," म्हणाली आणि डबा माझ्या डोक्यावर उचलून दिला.

गौतमीला मी आधीच सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. बाप चोर म्हणून शाळेत तिला मुलींनी चिडवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "किल्ली दाखव." मी दिली. तिनं कागदाचा वास घेतला. मग भावाचं काढलं. "बाबांनी तेल सोडलं म्हणून ती सहा लाखांची झाली ना? मग वाढलेला भाव तू कशाला भरायचा? ती मेहनत आपलीच आहे."

मी म्हटलं, "गाडी राखायचा पगार त्यांना मिळत होता."

"त्या दिवशी संध्याकाळी नव्हता मिळत. काढून टाकलं होतं."

तेच आता तुला विचारते आहे. रास्त काय, ते मी एकटीनं ठरवू शकत नाही.

सगुणाबाई


कोळवण
१५ जानेवारी २०२६

जुईली,

हे पत्र किल्लीच्या मागून येईल. किल्ली आधी पोचेल आणि तू कोड्यात पडशील, म्हणून लगेच लिहायला बसले.

तू येशील असं वाटलं नव्हतं. खरेदीखतावर सही करायला आलीस हे खरं, पण उतरलीस ती थेट माझ्या अंगणात. मी हातानं शेण कालवत होते. तू केस कापलेत आणि साहेबांसारखी चालतेस, तेव्हा मला आधी साहेबच आल्यासारखे वाटले आणि मी पदर सावरला. "काकू, मला राग आहे अजून," हे तू पायरीवर बसायच्या आधी म्हणालीस ते बरं केलंस. मी पिठलं टाकलं. तू दोन भाकरी खाल्ल्यास आणि तिसरी अर्धी घेतलीस. रागावलेलं माणूस एवढं जेवतं हे पाहून मला धीर आला.

शेडमधलं सगळं तुला ठाऊक आहे. पण मी काय मनात धरून होते ते तुला ठाऊक नाही. ते लिहिते.

आपण दोघी गाडीच्या दारापाशी उकिडव्या बसलो आणि तू म्हणालीस, "राग भावात धरायचा नाही, असं तुम्हीच लिहिलंत," तेव्हा मी ह्यांचा टॉवेल काढला. तो मुद्दाम आणला होता, पण हातात धरायला लाज वाटत होती, म्हणून पिशवीत ठेवला होता. टॉवेलाखाली तुझा हात आला. लहानपणी तो माझ्या मुठीत मावायचा. तू माझी चार बोटं धरलीस. चार लाख. मी तुझी मूठ धरली आणि वर चार. नऊ. तू हात ओढलास, मी धरून ठेवला. विकणारी भाव उतरवते आहे आणि घेणारी चढवते आहे असा सौदा माझ्या वडिलांनी पाहिला असता तर दोघींना बाजारातून हाकललं असतं. बाहेरून विठ्ठलराव म्हणाले, "झालं का? का पाळणा हालवताय?" तेव्हा तू हसलीस. नेमकी तेव्हाच तुझी बोटं सैल झाली आणि आपण एका आकड्यावर थांबलो.

आकडा मी कुणाला सांगितला नाही. विठ्ठलराव रोज विचारतात. गौतमीलाही सांगितला नाही, तिला पासबुकात दिसेल तेव्हा दिसेल. एवढंच लिहिते की मिस्त्रींनी सांगितलेल्या भावातून तू ह्यांचा त्या संध्याकाळचा एक दिवस वजा केलास, आणि मी किल्लीपायी वाढणारे पैसे त्यात घातले. दोन्ही धरून जे उरलं ते रास्त होतं. तुझं गेलेलं वर्ष त्यात धरलं नाही. ते धरायला बोटं नाहीत.

मग तू किल्ली मागितलीस. बिना टपाच्या त्या गाडीत बसलीस आणि किल्ली लावलीस. बॅटरी नाही, पेट्रोल नाही, काही होणार नव्हतं. पण किल्ली फिरली. अडली नाही, कुरकुरली नाही. तू ती दोन-तीनदा फिरवलीस आणि मान खाली घालून बसलीस. मी बाहेर पाहत होते. कैलास मिस्त्रींना मी विचारलं आहे, पत्रा आणि टप ते करून देणार आहेत. चालू होईल असंही म्हणाले. चालवायची कुणी ते पुढचं पुढं. गौतमी क्लास लावते म्हणाली आहे.

कॅलेंडरचं पान तू मागितलंस. मी दिलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, ते सौद्यात नव्हतं.

जाताना तू किल्ली माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "आता तुमची." मी मूठ मिटली. तुझी गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी घरी आले आणि सवयीनं कणगीपाशी गेले. तिथं माझ्या लक्षात आलं.

तेरा वर्षांपूर्वी माझी चूक चोरीची नव्हती असं मी मनाला समजावत आले. दावं ठेवून घ्यायचं असतं, एवढंच मी केलं, असं. पण दावं ठेवून घेतो तो धनी. गडी नाही, गड्याची बायको तर नाहीच. गाडी तुमच्या घरची होती आणि दावं तुमच्या खुंटीला लागायला हवं होतं. वडिलांचा नियम मला पाठ होता, पण धनी कोण एवढंच मी विसरले होते. ती गाडी इतकी वर्षं आमच्या हाताखाली होती की आमचीच वाटायची.

आता मी घेणारी आहे आणि तू विकणारी. घेणाऱ्यानं नवं दावं आणायचं असतं. कैलास मिस्त्री नवं कुलूप आणि नवी किल्ली बसवून देतील. गाडीचा भाव त्यानं थोडा उतरेल. उतरू दे, मला ती विकायची नाही.

तुझ्या तिकडच्या, कॅनडातल्या घरात खुंटी असते की नाही मला माहीत नाही. नसली तर दाराशी एक खिळा मार. वर्षातून एकदा, भात निघायच्या दिवसांत, पुसून थोडं ग्रीस लाव. फार नको, कपड्याला लागतं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोठ्यातलं शेण काढलं, पाणी भरलं, दूध तापवलं, किल्लीला ग्रीस लावून ती नव्या कॅलेंडरच्या कोऱ्या पुठ्ठ्यात बांधली, साडेनऊच्या एसटीनं पौडला गेले आणि पोस्टातून तुझ्या पत्त्यावर पाठवली.

काकू